तांबड्या रेघेवरची वाडी

आषाढ लागला की माझी सकाळ पाण्याच्या आवाजानं सुरू होते. नळाच्या नव्हे, फोनमधल्या. मी रत्नागिरीत स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असते, गॅसवर चहा उकळत असतो, बाहेर कुंपणाच्या जांभ्याच्या गडग्यावरून लालसर ओघळ उतरत असतात, आणि कानाशी धरलेल्या फोनमधून खेडच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वाडीतली पन्हळ वाहत असते. पन्हळ म्हणजे पोफळीचं खोड उभं चिरून, आतून पोखरून केलेली पाण्याची वाट. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी ती घरामागच्या दगडी डोणीत आणून सोडते. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, फोन उचलून हॅलो वगैरे म्हणत नाहीत. सरळ मागच्या दारी जातात आणि फोन पन्हळीशी धरतात. पावसाचा आवाज वेगळा आणि डोणीत पडणाऱ्या पाण्याचा वेगळा, तो मला आता झोपेतही ओळखता येईल.

"आयकलंस?" त्या विचारतात.

"ऐकलं."

"मग च्या पी."

एवढंच बोलणं होतं. नवरा नोकरीमुळे मुंबईत, मी रत्नागिरीत, आई वाडीवर. शेजारच्या काकू म्हणतात, सून रोज सकाळी सासूला फोन करते, असं भाग्य कुणाला मिळतं! मी हसते आणि विषय बदलते. तो आवाज ऐकल्याशिवाय चहा माझ्या घशाखाली उतरत नाही, यात प्रेम किती आणि भीती किती, हे मलाच अजून नीट वेगळं करता आलेलं नाही.

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. नवीन आलेल्या मुलांपैकी कुणीतरी पहिल्याच आठवड्यात विचारतंच, "मॅडम, आपला ज्वालामुखी नक्की कुठे होता?" त्यांच्या डोळ्यांपुढे पाठ्यपुस्तकातलं चित्र असतं. शंकूसारखा डोंगर, वर तोंड, तोंडातून धूर. मी पायाखाली बोट दाखवते. मुलं खाली बघतात, फरशी दिसते, हसतात. मग त्यांना सांगावं लागतं की आपल्याकडे असा एक डोंगर नव्हता. इथे जमीनच लांबच लांब उलली, आणि त्या भेगांतून लाव्हा पुरासारखा पसरला. निवला. पुन्हा आला, पुन्हा निवला. एकावर एक थर चढत गेले. सह्याद्रीच्या अंगावर ज्या पायऱ्या दिसतात त्या ह्याच. थराचा घट्ट भाग ताठ उभा राहतो, पोकळ भाग झिजून सपाट होतो. डोंगराचं आजचं रूप पाहायचं आणि तो घडला कसा ते ओळखायचं, आमचा सगळा धंदा एवढाच. ज्या जांभ्यावर रत्नागिरी शहर बसलंय तोसुद्धा त्याच काळ्या दगडाचा, पावसानं युगानुयुगं कुजवलेला, अवतार आहे.

ज्या शास्त्रात लाखभर वर्षांना कुणी हिंग लावून विचारत नाही, त्या शास्त्रात तुझ्यासारखी उतावळी बाई शिरली कशी, असं नवरा मला चिडवतो. खरंच आहे ते. मला बसची वाट बघवत नाही. दूध तापेपर्यंत धीर निघत नाही. आणि तरी त्या एका पावसाळ्यात मी जन्मात थांबले नाही इतकी थांबले.

त्याची सुरुवात उन्हाळ्यात झाली. पीएचडीसाठी मी वाडीमागचा डोंगर घेतला होता. त्यात किती थर, कुठला थर कुठे संपतो, कुठला कुठे सुरू होतो, ते हातोडा घेऊन वाचत जायचं. सासरचाच डोंगर, राहण्याजेवण्याची सोय, असा साधा हिशेब होता. आईंना आधी वाटलं, सून खुळावली. मग त्या स्वतःच माझ्यामागून चढू लागल्या. कोकमाचं सरबत भरलेली बाटली, डोक्यावर पदर, हातात कोयती. मी दगड फोडत असले की त्या ऐनाच्या झाडाखाली बसून बघायच्या आणि अधूनमधून विचारायच्या, "काय सांगतोय दगड?"

दगड पुष्कळ सांगतो. लाव्ह्याच्या थराचा माथा जाळीदार असतो, कारण निवताना आतले बुडबुडे वर येतात आणि तिथेच अडकतात. पोटात तो घट्ट असतो. आणि बुडाशी कधीकधी बारीक बारीक उभ्या नळ्या सापडतात. ओल्या जमिनीवरून लाव्हा गेला की खालच्या ओलीची वाफ होते आणि ती वर घुसते, तिच्या त्या वाटा. त्या नळ्यांवरून बोट फिरवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. म्हणजे आग यायच्या आधी इथे पाऊस पडून गेला होता. बघायला कुणी नव्हतं, पण जमीन भिजलेली होती.

आणि दोन थरांच्या मध्ये एक तांबडी रेघ होती. हातभर जाडीची, विटेच्या रंगाची, डोंगराच्या कुशीतून आडवी गेलेली. मी आईंना म्हटलं, ही रेघ म्हणजे ज्वालामुखीची विश्रांती. एक लाव्हा येऊन गेला, निवला, त्याच्यावर कितीतरी काळ ऊनपाऊस झाला, माती तयार झाली. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजून काढली.

आई पुढे आल्या. नखानं ती माती खरवडली, वास घेतला.

"मंजे धरतरीनं पन राब भाजलान," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर पाला, कवळं, शेण पसरून पेटवतात, त्याला राब म्हणतात. भाजलेली माती तांबूस, मऊ आणि भुसभुशीत होते आणि पावसाला सामोरी जायला तयार होते. मी वर्गात आजही हा थर शिकवताना राबाचंच उदाहरण देते. खेड्यातून आलेल्या मुलांना लगेच कळतं, शहरातली मोबाइलवर राब शोधत बसतात.

त्या रेघेची गंमत पुढेच आहे. वरच्या काळ्या दगडाला भेगा असतात, त्यातून पावसाचं पाणी खाली झिरपतं. पण भाजलेली तांबडी माती चिकण असते, ती पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग पाणी तिच्यावरून आडवं चालतं आणि जिथे रेघ डोंगराबाहेर डोकावते तिथे झरा होऊन बाहेर येतं. आमच्या वाडीचा झरा असाच. नुसता झराच नव्हे, मी नकाशावर वाडीतली घरं मांडली तर ती सगळी त्या रेघेच्या जरा खाली, एका ओळीत बसली. वाडी वसवणाऱ्यांनी पाणी बघितलं आणि पाण्याजवळ चुली मांडल्या. कुठल्या तरी अतिप्राचीन आगीनं घेतलेल्या विसाव्यावर आज आमच्या बायका हंडे भरतात, हे सुचलं त्या दिवशी मी आनंदानं डोंगरावरच ओरडले होते. आई म्हणाल्या, "किरडू दिसला काय?" त्यांना वाटलं, साप निघाला.

पण त्याच दिवशी उतरताना मला आणखी काही दिसलं. घरामागचा दगडी गडगा मधोमध पोट पुढे काढून उभा होता. त्याच्या वरच्या बाजूची दोनतीन झाडं उताराकडे झुकलेली, आणि त्यांचे शेंडे मात्र पुन्हा सरळ वर वळलेले. म्हणजे जमीन सरकत होती आणि झाडं आपापल्या परीनं सावरून घेत होती. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. तेवढ्यात तात्या आले. तात्या आमच्या गावचे गुरव. खाली नदीजवळ गावदेवीचं देऊळ आहे, तिथली पूजाअर्चा त्यांच्याकडे. माणूस मिश्कील, जिभेला धार.

"काय गो, डोंगर पडतोय काय आमचा?" त्यांनी विचारलं.

"पडेल की कधीतरी, तात्या."

"कधीतरी मंजे?"

"आमच्या शास्त्रातलं कधीतरी. हजार वर्षं, दोन हजार वर्षं. तुम्ही आत्ता घर शाकारून घ्या."

तात्या हसले, मीही हसले. उन्हाळा होता, फणस पिकले होते, आणि डोंगर वाळून खडखडीत होता. अशा वेळी डोंगराची भीती वाटत नाही.

मग आषाढ आला. असा आला की रत्नागिरीत समुद्र आणि आभाळ वेगळं दिसेना. कपडे वाळत नव्हते, मिठाला पाणी सुटलं होतं, मुलांच्या जर्नलची पानं एकमेकांना चिकटत होती. वाडीवर भाताची लावणी सुरू होती, नवऱ्याला रजा मिळाली नव्हती, आणि मला भर पावसात तो झरा किती फुगतो ते बघायचं होतं. शनिवारी सकाळची गाडी पकडून खेडला उतरले. पुलावरून जगबुडी नदी दिसली, गढूळ, काठाला घासत चाललेली. रिक्षावाल्यानं देवळापाशी सोडलं. पुढची चढण पायी. शेतात बायका प्लास्टिकचे कागद पांघरून लावणी करत होत्या, चिखलातून एकमेकींना हाका मारत होत्या. सगळं होतं तसंच होतं.

घरी पोचले तर आई मागच्या दारात उभ्या. डोणीकडे बघत.

"भिजलीस की गो," त्या म्हणाल्या. आणि मग, "पानी बंद झालाय."

मला आधी कळलंच नाही. सगळीकडे पाणीच पाणी, वळचणीतून पाणी, वाटेवरून पाणी. मग मी पन्हळीकडे पाहिलं. तिच्या तोंडाशी फक्त पावसाचे थेंब लोंबत होते. आतून काहीच येत नव्हतं. ऐन आषाढात, असा धुवांधार पाऊस पडत असताना झरा आटला होता.

मी गोठ्यामागे गेले. गडग्याचं पोट आणखी पुढे आलं होतं, आणि त्याच्या बुडातून, जिथून कधी थेंब आला नव्हता तिथून, तांबडं पाणी पाझरत होतं. राबाच्या मातीचा रंग. त्या रेघेचा रंग. वरून इतकं पाणी डोंगरात जात होतं आणि नेहमीच्या वाटेनं बाहेर पडत नव्हतं. म्हणजे ते आत साठत होतं, आणि वरचा सगळा भार आता ओल्या, गुळगुळीत चिकणमातीवर टेकलेला होता. उन्हाळ्यात मी जे इतक्या आनंदानं वाचलं होतं तेच आता माझ्यासमोर घडत होतं. समजणं आणि बघणं यात केवढं अंतर असतं!

पुढच्या अंगणात माणसं जमू लागली होती. आमच्या वाडीत तरुण पुरुष पावसाळ्यात थोडेच, बाकीचे मुंबईला. बायका, म्हातारे, लावणीसाठी रजा काढून आलेले दोघंतिघं. सगळ्यांच्या हातात पहारी आणि कुदळी. झऱ्याच्या तोंडाशी मुळं आणि पालापाचोळा अडकतो, तो काढून तोंड मोकळं करायचं, हे काम वाडी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र करत आलीय. पाणी बंद झालं म्हणजे तोंड बुजलं, तोंड बुजलं म्हणजे पहार घ्यायची. याहून सरळ काही नाही. आणि नेमक्या त्याच जागी, त्या रेघेवर, सगळी वाडी पहारी घालणार होती.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. काय बोलले ते आता धड आठवत नाही. वर जाऊ नका, आत पाणी तुंबलंय, घरं सोडा, खाली चला, असं सगळं एकदम. माझा आवाज चिरकत होता. पावसात कुणाला अर्धं ऐकू आलं, कुणाला तेवढंही नाही.

तात्यांनी पहार जमिनीत रोवली. "उन्हाळ्यात तू हजार वर्षा म्हनालीस. आता आज म्हनतंस. येवढी कसली घाई लागली डोंगराला?"

दोघंतिघं हसले. मला रडू यायचं बाकी होतं.

"तात्या, मी हात जोडते."

"अगो पन पानी नको काय? भाताचा तरवा उपटून ठेवलाय, मानसा चिखलानं माखलीत, प्यायला थेंब नाय. तू दोन दिसांनी जाशील रत्नागिरीला. आमी हितंच ऱ्हानार."

तेवढ्यात आई बोलल्या.

"तात्या, कौल लाव."

"साफसफाईला कसला कौल? दरसाल जाताव आपन."

"दरसाल आखाडात पानी बंद होत नाय. देवीला इचारल्याबिगर वर कोन जायाचा नाय."

कौल लावायचा म्हणजे देवीच्या पाषाणावर ओली पाकळी चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालून वाट बघायची. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आमच्याकडे लग्न ठरवायला, विहीर खणायला, भांडण मिटवायला कौल लावतात. तात्या गुरव, त्यांना कौलाला नाही म्हणता येईना. मी मात्र भडकले. डोंगर डोक्यावर आलाय आणि ह्या फुलं चिकटवायला निघाल्यात.

"आई, कौल कसला लावताय! आत्ता निघायचं बघा."

"तू गप," आई म्हणाल्या. मग सगळ्यांकडे वळून मोठ्यानं, "चला देवळात. पन सगळी वाडी पायजे. घरात कोन मागं ऱ्हायला तर कौल लागत नाय, इसरलाव काय? शेजारच्या म्हातारीला खुर्चीसकट उचला. जनावरा सोडा. त्यांचा पन पानी बंद झालाय."

कुणीतरी कुरकुर केली, पण नियम होताच तसा. सगळ्या चुलींची माणसं हजर असल्याशिवाय कौल धरत नाहीत. शेतातल्या बायकांना हाका गेल्या. चिखलाचे पाय घेऊन वाडी उतरली. मी सगळ्यांत मागे, दर चार पावलांवर वळून डोंगराकडे बघत. डोंगर दिसत नव्हता. ढगानं गिळला होता.

देवळात दमट अंधार होता. समईच्या उजेडात तात्यांनी तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या उजव्याडाव्या अंगाला लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बाये, तुज्या लेकरांचा पानी बंद झालाय. वर जाऊन तोंड मोकळा करू काय, होय नाय तो सांग." मग सगळे पाकळ्यांकडे बघत बसले. मंडपाच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता.

पाकळ्या हलेनात. हवेतच एवढी ओल की त्या सुकणार कशा आणि सुटणार कशा? माझ्यातली शिक्षिका हे मनातल्या मनात ओरडून सांगत होती. अस्वस्थ होऊन मी उठले. दारापर्यंत जाऊन एकदा वर बघून येणार होते. आईंनी माझं मनगट धरलं. शेतातल्या कामानं त्यांची पकड लोखंडासारखी झाली आहे.

"पाकळी पडेपर्यंत कोन उठत नाय," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या, पण इतक्या मोठ्यानं की शेवटच्या खांबापर्यंत ऐकू गेलं.

मी बसले. आणि बसल्यावर पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. सगळी वाडी तिथे होती. खुर्चीतली म्हातारी, कडेवरची पोरं, पहारी घेतलेले म्हातारे, चिखलात माखलेल्या बायका. बाहेर पारापाशी गुरं. डोंगराखालच्या त्या ओळीतल्या घरांत आता कुणीही नव्हतं. अंगणात घसा फोडून मला जे जमलं नव्हतं, ते झालं होतं. फक्त त्या दोन पाकळ्या जागच्या जागी असेपर्यंत.

मी आईंकडे पाहिलं. त्या देवीकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

त्यानंतरचं ते वाट बघणं! थोड्या वेळापूर्वी मला पाकळीचा राग येत होता, आता मी तिच्याकडे जीव मुठीत धरून बघत होते. पडू नकोस. चिकटून राहा. मी देवाधर्माची बाई नाही. लहानपणी परीक्षेच्या आधी नमस्कार केले असतील तेवढेच. पण त्या दिवशी मी त्या तगरीच्या पाकळीची मनातल्या मनात जितकी विनवणी केली तितकी आजवर कुणाची केलेली नाही. एक बाई म्हणाली, तरव्याच्या जुड्या पाण्यात ठेवल्यात, वाहून जातील, मी बघून येते. आई म्हणाल्या, "बस." एकाला चुलीवरचा भात आठवला. "बस." वाऱ्याचा झोत आला, डावीकडची पाकळी थरथरली. आई उठल्या, नियम मोडून फक्त त्याच उठल्या, आणि दाराची फळी ओढून घेतली. "म्हातारीला वारा बाधंल," म्हणाल्या आणि परत येऊन बसल्या.

आवाज आला तेव्हा मला आधी वाटलं, वरच्या रस्त्यानं एस.टी. चाललीय. चढणीला गिअर बदलते तशी घरघर. पण ती थांबेना, वाढतच गेली, बसल्या जागी फरशीतून अंगात शिरली. मग झाडं मोडल्याचे आवाज. म्हातारी देवीचं नाव घेऊ लागली. पोरं रडली. मग एकाएकी सगळं शांत झालं आणि पत्र्यावरचा पाऊस पुन्हा ऐकू येऊ लागला.

दार उघडलं तेव्हा वास आला. पावसात भिजलेल्या मातीचा आपल्या ओळखीचा वास असतो, तो नव्हे. कधी उघड्यावर न आलेल्या, आतल्या मातीचा. जरा कडसर, लोखंडासारखा. ढग फाटला तसा डोंगर दिसला. त्याच्या कुशीतला मोठा लचका खाली आला होता. झऱ्याची जागा गेली होती. पहारी घेऊन जायची वाट गेली होती. दगडमातीचा लोंढा आमच्या गोठ्याची मागची भिंत आत घालून तिथेच टेकला होता. घरं उभी होती. आणि वर, उघड्या पडलेल्या डोंगरात, ती तांबडी रेघ पहिल्यांदाच इतकी लांब, इतकी स्वच्छ दिसत होती. असा छेद बघायला आम्ही लोक कुठून कुठून जातो. मी मान फिरवली.

आत वळून पाहिलं तर दोन्ही पाकळ्या खाली पडल्या होत्या. कधी पडल्या, कुठली आधी पडली, कुणी पाहिलं नव्हतं. तात्यांनी त्या उचलून धोतराच्या सोग्यात बांधल्या. मला हजार वर्षांवरून त्यांनी त्यानंतर कधीच चिडवलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते चिडवणं मला आठवत राहतं.

तो पाऊस संपेपर्यंत वाडी शाळेत राहिली. साहेब लोक आले, फोटो काढून गेले, ही जागा धोक्याची आहे असं सांगून गेले. नवी जागा बघतायत, अजून बघतायत. पाऊस ओसरल्यावर माणसं आपापल्या घरी परतली. कुठे जाणार? त्याच रेघेवर, जुन्या जागेच्या थोडं पलीकडे, नवा झरा फुटला. आईंनी नवी पन्हळ घातली. मी म्हटलं, रत्नागिरीला चला, निदान पावसाळ्यापुरत्या. नवरा मुंबईहून येऊन भांडून गेला. आई म्हणाल्या, "पन्हळीला पानी हाय तवर मी हाय." त्यावर मी त्यांना फोनचं कबूल करून घेतलं. रोज सकाळी पाणी ऐकवायचं. पाणी थांबलं तर देवी नाही, तात्या नाही, कुणालाच विचारायचं नाही, उठून खाली यायचं. पहिलं त्यांनी कबूल केलं. दुसऱ्यावर काही बोलल्या नाहीत.

त्या दिवशी देवळात तुम्ही ते मुद्दाम केलंत का, हे मी त्यांना अनेकदा विचारलं. तांदूळ निवडताना, मासे साफ करताना, एकदा तर भर लग्नात. दर वेळी एकच उत्तर. "माला काय ठाव? मी कौल लावायला सांगितला."

तेव्हापासून आषाढ माझ्यासाठी महिना राहिलेला नाही, नाडी झाला आहे. मुलं प्रॅक्टिकलला बसतात, ट्रेमधले दगड हाताळतात, जाळीदार दगडातली भोकं भिंगातून बघतात. मी शिकवते की निसर्गाच्या घडामोडी अतिशय सावकाश होतात. मुलं लिहून घेतात. मग मी थांबते आणि म्हणते, बहुतेक. हे बहुतेक मी त्या पावसाळ्यापासून जोडायला लागले. दगड युगं मोजतो हे खरंच आहे, पण त्याच्या खाली राहणाऱ्या माणसाचा एकच शनिवार असतो, आणि हे दोन्ही एकाच डोक्यात धरून वर्गात उभं राहणं मला अजून जड जातं.

आज सकाळी आईंनी फोन उचलला नाही.

रात्रभर पाऊस होता. चहा उकळून आटला. मी पुन्हा फोन लावला, पुन्हा वाजून बंद पडला. तात्यांचा लावला, तो लागेचना. नवऱ्याला मुंबईला लावला, कामात आहे असं त्याचं बोलणं ऐकून आणखी चिडले आणि ठेवून दिला. खेडच्या गाडीची चौकशी केली, रुळावर पाणी म्हणून गाड्या थांबलेल्या. खिडकीबाहेर गडग्यावरून लाल पाणी उतरत होतं, रोजचंच, पण मला ते बघवेना. मी गॅस बंद केला, पुन्हा पेटवला, पुन्हा बंद केला. कपाटातला हातोडा काढून पिशवीत टाकला, कशासाठी ते देवाला ठाऊक.

मग फोन वाजला. आईंचा.

मी कानाशी धरला आणि ऐकत राहिले. पावसाचा आवाज येत होता, पत्र्यावरचा. माणसांची कुजबुज. पोराचं रडणं. डोणीत पडणारं पाणी नव्हतं.

"आई?"

"पन्हळ सुकलीय. पहाटेपासनं." त्यांना धाप लागली होती. "आमी सगळी देवळात आलाव. कोन मागं ऱ्हायला नाय. म्हातारीला पाटकुळी आनलान. जनावरा पाराशी हायत."

मी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "कौल लावलाय?"

"व्हय. तात्यानं पाकळी लावलान हाय."

"काय विचारलंत देवीला?"

"काय पन नाय इचारला. नुसती लावलान. पडेपर्यंत कोन उठत नाय ना."

"आणि पडली तर?"

"पडायची नाय. चांगली भिजवून लावलान." मग मागे वळून कुणाला तरी म्हणाल्या, "बस गो, बस खाली." आणि मला म्हणाल्या, "तू च्या पी."